परदेशात एक सेमिस्टर: करारानंतरचं काम कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या महाविद्यालयांनी परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार केल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. करार होतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या करारावर किती मुलं-मुली एखादं सेमिस्टर तिकडे शिकून आली आणि तिकडचे गुण इथल्या गुणपत्रिकेवर चढले का, हे पुढे कुणी विचारत नाही. विद्यार्थी-विनिमयाचे कागद हाताळणारे आम्ही काही शिक्षक हे पत्र एकत्र लिहीत आहोत. जाण्याआधी विद्यापीठाने लेखी मंजूर केलेला विषयवार क्रेडिटचा तक्ता (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक; तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाला धरायचा, हे त्यात असतं), दीड वर्ष आधी सुरू होणारं वेळापत्रक आणि या दोन्हींसाठी वेळ असलेला माणूस, एवढं असेल तर आपली मुलं जाऊन नीट परत येतात. यातलं एक जरी नसेल तर करार फाइलीत राहतो. एकट्यादुकट्या महाविद्यालयाला हा भार पेलत नाही. म्हणून तिन्ही जिल्ह्यांनी मिळून एक कक्ष चालवावा, अशी आमची मागणी आहे.

गुणवत्तेचा प्रश्नच नाही. कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. ही मुलं पुढे अडतात ती कागद, पैसा आणि तारखा यांच्यात.

सुरुवात क्रेडिटपासून करतो, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १२०० तासांचा अभ्यास धरला आहे. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे क्रेडिट, असतात, १५०० ते १८०० तासांचे. म्हणजे आपला एक क्रेडिट ढोबळमानाने दीड ईसीटीएसच्या बरोबरीचा. तिकडचं पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं, आपलं २० ते २२ क्रेडिटचं. एकूण बेरीज जवळपास जुळते. अडतं ते पेपरांच्या आकारावर. तिकडचे पुष्कळ पेपर ५ ईसीटीएसचे असतात, म्हणजे आपले सव्वातीनच्या आसपास क्रेडिट. आपला मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा पेपर ४ क्रेडिटचा असेल तर त्याला ६ ईसीटीएस लागतात. एका पेपराला एक पेपर लावत बसलं की प्रत्येक ओळीत थोडं कमी पडतं आणि परीक्षा विभाग फाइल परत पाठवतो.

उपाय असा की पेपर सुटे न लावता गटाने लावायचे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने तिकडे सागरी परिसंस्था आणि मत्स्यसंवर्धन असे ५-५ चे दोन पेपर घेतले, तर १० ईसीटीएस होतात. आपल्या हिशेबाने ते साडेसहा क्रेडिटच्या वर जातात. त्यात मेजरचा ४ क्रेडिटचा एक पेपर आणि २ क्रेडिटचा व्यावसायिक कौशल्याचा विषय, दोन्ही बसतात. तक्त्यात डावीकडे आपले दोन विषय, उजवीकडे त्यांचे दोन, आणि खाली एकच बेरीज. भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, भारतीय भाषा हे विषय तिकडे मिळणारच नाहीत. ते आधीच्या सेमिस्टरमध्ये उरकावेत, किंवा स्वयंम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर योग्य अभ्यासक्रम असेल तर तिथून करावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी स्वयंममधून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा दिलेली आहे. यातला कोणता विषय कुठे करायचा हेही त्याच तक्त्यात लिहावं.

हा तक्ता प्राचार्यांच्या सहीने पुरा होत नाही. स्वायत्त महाविद्यालयाला आपल्या अभ्यास मंडळात तो मंजूर करता येतो. संलग्न महाविद्यालयाला मात्र पदवी विद्यापीठ देतं, म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं पत्र हवं, आणि तेही विद्यार्थी विमानात बसायच्या आधी. अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम परदेशी संस्थेबरोबरच्या ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल पदवीसाठी आहेत. त्यात ट्विनिंगमध्ये (पदवी इथलीच, काही शिक्षण तिकडे) परदेशी संस्थेतून ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, आणि अशा सहकार्यासाठी भारतीय संस्थेच्या पात्रतेची एक वाट म्हणजे संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे किमान ३.०१ गुण. तीन वर्षांच्या पदवीतलं एक सेमिस्टर म्हणजे सहावा हिस्सा, साधारण १७ टक्के. मर्यादेच्या बरंच आत. तरीही आपला करार नेमक्या कोणत्या चौकटीत बसतो, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. तोंडी होकारावर मूल पाठवू नये. सहा महिन्यांनी खुर्चीवरचा माणूस बदललेला असतो आणि निकाल ‘राखीव’ लागतो.

तक्त्यात आणखी तीन गोष्टी असाव्यात. एक, जादा दोन पर्यायी विषय, कारण तिथे पोचल्यावर ठरवलेला पेपर त्या सेमिस्टरला शिकवलाच जात नाही, किंवा त्याचा तास दुसऱ्या पेपरावर येतो, हे हमखास घडतं. विषय बदलायचा तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच, दोन्हीकडच्या लेखी संमतीने. दुसरं, तिकडची श्रेणी आपल्या दहाच्या मापात कशी बसवायची, याचं कोष्टक. तिसरं, एखादा पेपर नापास झाला तर एटीकेटी कशी द्यायची. हा तिसरा मुद्दा लिहायला सगळे कचरतात, आणि मुलाला वर्ष गमवावं लागतं ते नेमकं त्याच्यामुळे.

आता कोणतं सेमिस्टर, हे. आपलं विषम सेमिस्टर जून-जुलै ते नोव्हेंबर आणि सम सेमिस्टर डिसेंबर ते मे. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च चालतं, म्हणजे आपली दोन सेमिस्टर अर्धी-अर्धी कापली जातात. उत्तर युरोपातलं वसंत सेमिस्टर जानेवारीत सुरू होऊन मे किंवा जूनच्या सुरुवातीला संपतं. ते आपल्या सम सेमिस्टरवर जवळजवळ नेमकं बसतं. जपानचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून तिकडे पदवी संपवून जाणं सोयीचं. तीन वर्षांच्या पदवीत आमची पसंती चौथ्या सेमिस्टरला आहे. सहाव्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाचे क्रेडिट असतात, शिवाय पुढच्या प्रवेशासाठी निकाल वेळेवर हातात हवा असतो, त्यात धोका पत्करू नये.

चौथ्या सेमिस्टरला जानेवारीत निघायचं तर प्रथम वर्षाच्या गणपतीनंतर लगेच कामाला लागावं. आधी पालकांची सभा. ती महाविद्यालयात न घेता गावाच्या बाजूला, संध्याकाळी, मराठीत घ्यावी आणि त्यात खर्चाचा आकडा स्पष्ट सांगावा. मुलीला पाठवायचं का, हा प्रश्न आईच्या मनात असतो आणि ती सभेत विचारत नाही. म्हणून वसतिगृह कसं असेल, रात्री फोन कुणाला लावायचा, हे न विचारताच सांगायचं. दिवाळीपर्यंत पासपोर्टचा अर्ज. पहिल्या दोन सेमिस्टरच्या निकालावर आणि मुलाखतीवर मे-जूनमध्ये निवड. सप्टेंबरमध्ये यजमान विद्यापीठाकडे नावं कळवायची. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विद्यार्थ्याचा अर्ज. प्रवेशपत्र ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये येतं आणि त्यानंतर व्हिसाला जेमतेम सहा-सात आठवडे उरतात. नावं कळवायची तारीख अनेकदा गणपतीच्या आगेमागे येते आणि व्हिसाची तारीख परीक्षेत किंवा दिवाळीत. गणपतीत कोकण रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, आणि मुंबईतल्या सकाळच्या अपॉइंटमेंटसाठी सावंतवाडीहून आदल्या दिवशीच निघावं लागतं. म्हणून अपॉइंटमेंट घेताना विद्यार्थ्याचं परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवावं आणि शक्य तिथे सगळ्यांची एकाच दिवशी घ्यावी.

पासपोर्टबद्दल थोडं सविस्तर. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, खर्च काही मोठा नाही. अडतं ते नावावर आणि पत्त्यावर. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे चार शब्द असतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. त्यात सावंत कधी डब्ल्यूने, कधी व्हीने. चव्हाण तर तीन कागदांवर तीन प्रकारे. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये, एकाच शब्दाचं नाव पुढे व्हिसात त्रास देतं. एकदा पासपोर्ट आला की प्रवेश अर्ज, तिकीट, विमा, बँकेचं पत्र, सगळीकडे त्यावरचंच स्पेलिंग अक्षरशः उतरवायचं, आणि गुणपत्रिकेवरचं वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि महाविद्यालयाचं बोनाफाइड सोबत जोडायचं. पत्त्याची अडचण वेगळी. मूल रत्नागिरीत खोली घेऊन राहतं, अर्जावर पत्ता देवरुखजवळच्या वाडीचा, पोलीस पडताळणीला गेले तेव्हा घरी कुणी नाही. अहवाल प्रतिकूल जातो आणि अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. सध्या जिथे राहतो तो पत्ता द्यावा, प्राचार्यांच्या बोनाफाइडवर तो देता येतो, आणि पडताळणीच्या दिवसांत तिथे हजर राहावं.

यानंतर पैशाचा पुरावा. इथे कोकणातल्या घरांची अडचण मुंबई-पुण्यापेक्षा वेगळी आहे, आणि सल्ला देणारे बहुतेक शहरातले असतात. व्हिसा अधिकारी आयकर विवरणपत्र आणि सहा महिन्यांचं बँक खातं मागतो. बागायतदाराचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. त्याने विवरणपत्र भरलेलंच नसतं. पैसे येतात ते एप्रिल-मेच्या दीड-दोन महिन्यांत, आणि उरलेलं वर्षभर खात्यात हालचाल नाही. अधिकाऱ्याला ते खातं संशयास्पद दिसतं. मग घाईत काका, मामा, मुंबईचे चाकरमानी भाऊ मिळून पाच लाख खात्यात भरतात आणि अर्ज नेमका त्यावरच फेटाळला जातो. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचा तर नियमच आहे की रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे.

याची तयारी दीड वर्ष आधी केली तर ती सोपी आहे. पालकांनी कर लागत नसला तरी दोन वर्षं विवरणपत्र भरावं आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवावं. वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्या फेकून न देता हंगामवार लावून ठेवाव्यात, आणि ती रक्कम रोखीने न घेता खात्यावर घ्यावी. सात-बारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि या पट्ट्या यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावं, वर एक पानभर पत्र जोडावं: आंब्याचा हंगाम कधी असतो, पैसा कधी येतो, खात्यात तो कोणत्या तारखेला दिसतो. मच्छीमार कुटुंबाने सहकारी संस्थेकडच्या मासळी विक्रीच्या नोंदी आणि नौकेची कागदपत्रं जोडावीत. १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीत खात्यात आवक का नाही, हे त्याच पत्रात लिहावं. वडील आखातात असतील तर पगाराचं पत्र आणि तिथून आलेल्या रकमांचा उतारा. नातेवाईक मदत करणार असतील तर त्यांनी आपल्या नावाने हमीपत्र द्यावं, पैसे मुलाच्या खात्यात ओतू नयेत. आणि कुणी एजंट बँकेचा ‘तयार’ उतारा देतो म्हणाला तर तिथून उठून यावं. खोट्या कागदावर ब्रिटन १० वर्षं आणि कॅनडा ५ वर्षं दार बंद करतं. विनिमयाला एजंट लागतच नाही. नावं महाविद्यालय कळवतं.

खर्च किती? विनिमयात तिकडची शिकवणी फी माफ असते, विद्यार्थी फी इथलीच भरतो. राहण्या-जेवण्याचा अंदाज म्हणून जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून ठरवलेला आकडा घ्या, महिना ९९२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पाच महिन्यांचे पाच लाख. वर तिकीट, व्हिसा, विमा, खोलीची अनामत. शासनाच्या योजना इथे उपयोगी पडत नाहीत: राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज काय, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत, पदवीच्या एका सेमिस्टरसाठी नाहीत. पालकांना हे पहिल्याच सभेत सांगावं, नाहीतर ते वर्षभर त्या आशेवर राहतात.

उपयोगी पडतो तो युरोपीय संघाचा इरॅस्मस प्लस हा विनिमयाला पैसे देणारा कार्यक्रम. त्यात विद्यार्थी स्वतः अर्ज करत नाही, आपलं महाविद्यालयही थेट करत नाही. युरोपातलं भागीदार विद्यापीठ आपल्या देशातल्या यंत्रणेकडे साधारण फेब्रुवारीत अर्ज करतं आणि त्यात भारतासाठी जागा मागतं. मान्य झाल्यास येणाऱ्या विद्यार्थ्याला महिना साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासाची वेगळी रक्कम मिळते. मुक्काम किमान दोन महिन्यांचा लागतो. म्हणून करार झाल्यावर पहिलं पत्र, ऑक्टोबर-नोव्हेंबरातच, एवढंच विचारणारं जावं: तुमच्या पुढच्या अर्जात आमच्यासाठी किती जागा धरताय? जागा धरायला लावणं हे सहीइतकंच महत्त्वाचं आहे. संशोधनाची आवड असलेल्यांसाठी कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांची इंटर्नशिप देते, आणि तैवानचा टीप हा इंटर्नशिपचा कार्यक्रमही आहे. या दोन्हींत क्रेडिटचा तक्ता सोपा, कारण काम प्रकल्पाखाली किंवा कार्यानुभवाखाली बसवता येतं.

शिष्यवृत्ती मिळाली तरी रोखीची अडचण राहतेच. पहिला हप्ता अनेकदा तिथे पोचल्यावर, बँक खातं उघडल्यावर मिळतो. तिकीट, व्हिसा, विमा, अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च मिळून दीड ते दोन लाख आधी हातात लागतात. निवड झालेली गरीब घरातली मुलगी इथेच नाव मागे घेते. यासाठी फिरता निधी हवा: दहा जणांना प्रत्येकी दोन लाख बिनव्याजी, हप्ता मिळाला की परत. वीस लाखांचा निधी एकदा उभा राहिला की तोच दर वर्षी फिरतो. आपल्या पतपेढ्या आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला याहून मोठी रक्कम गोळा करतात. हा निधी कक्षाच्या नावे, दरवर्षी हिशेब जाहीर करण्याच्या अटीवर मागितला तर मिळेल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिलाच कार्यक्रम असेल तर आम्ही युरोपऐवजी जवळचा देश सुचवू. श्रीलंकेत मातरा इथल्या रुहुणा विद्यापीठात मत्स्यविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा आहे, थायलंडमध्ये कासेतसार्त विद्यापीठ आणि एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. हवामान आपल्यासारखं, भात-मासळी आपल्यासारखी, खाडी आणि कोळंबीची शेती आपल्या विषयाची, खर्च कितीतरी कमी. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाच्या किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तिथे शिकलेलं इथे लगेच वापरता येईल.

दहा-पंधरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यांबद्दल थोडक्यात. ते चांगले असतात, पण सहलीत मोडायला वेळ लागत नाही. २ क्रेडिट म्हणजे ६० तास: २० तास आधी वर्गात, ३० तास तिथे नोंदी आणि मुलाखती, १० तास परतल्यावर अहवाल. पंधरा विद्यार्थ्यांमागे दोन शिक्षक, त्यांत एक शिक्षिका. पर्यटन कंपनीकडून पॅकेज म्हणून बुक केलं तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. महाविद्यालयाने सगळ्यांचे पैसे एकाच्या नावाने भरले की पुढे भांडण ठरलेलं.

निघण्याआधीच्या महिन्यात बारीकसारीक कामं असतात आणि ती करायला कुणी नसतं. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) अल्पमुदतीचा व्हिसा असेल तर विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. लांबच्या मुक्कामाला आधीपासूनचे आजार आणि मानसिक उपचार विम्यात आहेत का, हे पाहावं. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो, त्यातून ७० टक्के खर्च भागतो. डॉक्टरांनी दिलेली औषधं जपानला एका महिन्यापेक्षा जास्तीची न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते आणि सर्दीवरच्या काही गोळ्या तिथे चालतच नाहीत. घरून काय न्यायचं यावरही बोलावं लागतं: युरोपात मांस आणि दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, हापूसला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नारळाला मात्र लागत नाही. सुकं खोबरं विमान कंपन्या बॅगेत घेऊ देत नाहीत, ते तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकतं. आमसुलं आणि मसाला बिनघोर न्यावा.

फोन आणि बँक यांचं एक काम सगळे विसरतात. डेबिट कार्डावर परदेशातला वापर बंद असतो, तो निघण्याआधी सुरू करून घ्यावा. इथलं सिम रोमिंगसह चालू ठेवावं आणि त्याचा रिचार्ज घरच्यांनी करत राहावा, कारण बँकेचा, आधारचा, महाडीबीटीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज संपला की मुलगा तिथे पैशाविना आणि इथे शिष्यवृत्तीविना राहतो. महाडीबीटीच्या नूतनीकरणासाठी हजेरीही लागते. म्हणून ‘हा विद्यार्थी विनिमय सेमिस्टरवर आहे, त्याची तिकडची उपस्थिती ग्राह्य धरावी’ असं पत्र निघण्याआधीच समाजकल्याण कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात द्यावं. परीक्षेचा फॉर्म त्याच्या वतीने कोण भरणार, त्याचं नाव ठरवून ठेवावं.

पोचल्यानंतरचे पहिले सहा आठवडे सर्वांत जड. उत्तर युरोपात जानेवारीत दुपारी तीनला अंधार, उणे १५ तापमान, वर्गात बोलायचा संकोच. फोनवर सगळे ‘बरं आहे’ म्हणतात. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वेळी शिक्षकाने व्हिडिओ कॉल करावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: या आठवड्यात किती वेळा शिजवून जेवलास, कोणत्या तासाला गेला नाहीस, कुणाशी बोललास. उत्तरं दोन आठवडे ढिली आली की यजमान विद्यापीठाच्या समन्वयकाला कळवावं. भारतीय दूतावासात नोंदणी पहिल्या आठवड्यातच करावी. तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, आणि खरोखर अडचणीत सापडलेल्यांसाठी दूतावासाकडे कल्याण निधीही असतो. कक्षात एक फोन चोवीस तास चालू हवा, आणि तो कुणा एका शिक्षकाचा खासगी नंबर नसावा.

परतल्यावर तिकडची गुणपत्रिका यायला चार ते आठ आठवडे जातात. पाचव्या सेमिस्टरचा प्रवेश त्याआधी सुरू होतो. तात्पुरता प्रवेश द्यावा, हे करारासोबतच्या विद्यापीठाच्या पत्रात आधीच लिहून घ्यावं. परदेशी संस्था आपल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या यंत्रणेत) नोंदलेली नसते, त्यामुळे क्रेडिट जमा करायचं काम आपल्याच परीक्षा विभागाला करावं लागतं.

विनिमयात परदेशी विद्यापीठांची मुलंही इकडे यायला हवीत, नाहीतर दोन-तीन वर्षांत आपल्यासाठीच्या त्यांच्याकडच्या जागा बंद होतात. आपल्याकडे शिकवण्यासारखं भरपूर आहे: बारसू, उक्षी, देवीहसोळची कातळशिल्पं, जी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, सड्यावरची पावसाळी वनस्पती, वेळासची कासवं, मालवणचं सागरी अभयारण्य, खाड्यांमधली कांदळवनं. यातून सहा आठवड्यांचा, इंग्रजीतून शिकवला जाणारा ६ क्रेडिटचा अभ्यासक्रम सहज उभा राहतो. या परदेशी विद्यार्थ्यांच्या राहण्याची माहिती मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. वसतिगृहाच्या अधीक्षकांना हे शिकवलेलं हवं.

आता मागणी. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात हा संयुक्त कक्ष व्हावा, सावंतवाडीत आणि रायगडमध्ये त्याचा एकेक माणूस असावा. एक पूर्णवेळ समन्वयक, एक लिपिक, आणि प्रत्येक सहभागी महाविद्यालयात आठवड्याचे चार ते सहा तास सूट मिळालेला एक शिक्षक. सध्या हे काम तासिका सांभाळून, रात्री घरी बसून केलं जातं, आणि बदली झाली की सगळी ओळख आणि सगळे ईमेल त्या शिक्षकाबरोबर जातात. कक्षाचा ईमेल, फोन आणि फाइली पदाच्या नावे असाव्यात. पहिल्या वर्षी पाच-सहाच विद्यार्थी, एकच देश, एकच सेमिस्टर. यंदा प्रथम वर्षाला आलेल्यांची पालकसभा गणपती गेल्यावर पंधरा दिवसांत घेतली, तर ही मुलं पुढच्या शैक्षणिक वर्षातल्या, म्हणजे द्वितीय वर्षाच्या जानेवारीत निघू शकतात.

क्रेडिटच्या तक्त्याचा कोरा नमुना, आंबा आणि मासेमारी उत्पन्नाच्या पत्राचा मराठी-इंग्रजी मसुदा आणि महिनावार वेळापत्रक आम्ही तयार ठेवलं आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या कोणत्याही महाविद्यालयाने मागावं, ते विनामूल्य देऊ, आणि पहिला तक्ता भरताना सोबत बसू.

आपले,
विद्यार्थी-विनिमयाचं काम पाहणारे काही शिक्षक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग